दुर्गाघाटची लेखणी

मराठी भाषेने कारकुनाला 'बोरूबहाद्दर' हे नाव दिले ते काही कौतुकाने दिले नाही. तलवारबहाद्दराच्या शेजारी त्याला उभे करून तिने त्याची थोडी थट्टाच केली आहे. प्रस्तुत लेखकाचे आयुष्य केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत टिपणे लिहिण्यात गेले असल्याने त्या थट्टेचा वाटा त्याच्याही पदरात पडलेला आहे. तथापि काशीतील मराठी माणसाचा इतिहास पाहू लागले म्हणजे हा शब्द वेगळा दिसू लागतो. तलवारीच्या जोरावर काशी मराठ्यांच्या हाती कधी आली नाही. पेशव्यांनी ती इच्छा धरली, पत्रव्यवहार केला, वकील पाठविले. पण क्षेत्र हाती आले नाही. आणि तरीही सोळाव्या शतकापासून या नगरीत मराठी माणसाचा शब्द चालला. तो चालला तो बोरूच्या टोकावर.

या पंडितांनी काय लिहिले याची वर्णने पुष्कळ झाली आहेत. कशाने लिहिले, कशावर लिहिले, ती साधने कोठून येत आणि मोडल्यावर त्यांचे काय होई, इकडे मात्र फारसे कोणी वळलेले नाही. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जुन्या वस्तूंतून नवी लेखणी घडविण्याचा एक प्रयोग अलीकडे आमच्या घरात झाला आणि त्यावरून मंडळात थोडा वादही झाला. त्या निमित्ताने हा मागोवा.

प्रथम स्थळाविषयी. दुर्गाघाट म्हणजे पंचगंगाघाट आणि ब्रह्माघाट यांच्या मधला घाट. गंगेतून नावेने उत्तरेकडे जाताना शिंद्यांचा घाट लागतो, भोसल्यांचा लागतो, बालाजीचा लागतो, मग पंचगंगा आणि त्यानंतर हा. घाटावर ब्रह्मचारिणी दुर्गेचे देवालय आहे. घाटाचे नाव तिच्यावरून. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हा घाट बांधला तो कायगावकर नारायण दीक्षित पाटणकर यांनी. गोदावरीकाठच्या कायगाव टोक्याहून काशीस आलेल्या या सत्पुरुषाला पेशवे गुरुस्थानी मानीत. त्यांच्या पुत्रांनी काशीहून पुण्यास लिहिलेली पत्रे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहेत. याच घाटावर नाना फडणविसांचा वाडा आहे. काशीची मंडळी त्याला 'बाड़ा' म्हणतात, आणि दोन-तीन पिढ्या इथे काढलेली आपली मंडळीही तसेच म्हणू लागतात. 'फडणीस' हा मुळातच लेखणीचा हुद्दा. तेव्हा तलवार न चालविता राज्य चालविणाऱ्या त्या पुरुषाचा वाडा याच आळीत असावा हे योग्यच झाले.

दीक्षितांच्याही आधी दीडशे वर्षे पैठणचे नाथमहाराज काशीस आले होते. एकनाथी भागवताचे पहिले पाच अध्याय पैठणास झाले आणि उरलेले सव्वीस काशीत. मणिकर्णिकेच्या तीरी शके १४९५ च्या, म्हणजे सन १५७३ च्या कार्तिकात तो ग्रंथ पूर्ण झाला. प्राकृतात भागवत लिहिले म्हणून येथील पंडितांनी आधी विरोध केला आणि मग त्याच ग्रंथाची मिरवणूक काढली, असे परंपरा सांगते. याच नाथांनी पुढे शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली, ही गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहे. तीनशे वर्षांत नकलकारांच्या लेखण्यांनी मूळ ओवीत किती भर घातली आणि किती मोडतोड केली, हे त्यांना दिसले होते. छापखाना नसलेल्या काळात ग्रंथ जगत असे तो लेखणीमुळे, आणि बिघडत असे तोही लेखणीमुळेच.

नाथांच्याच पैठणचे भट्ट घराणे काशीत स्थिरावले. नारायणभट्टांनी सोळाव्या शतकात विश्वेश्वराच्या देवालयाच्या पुनर्बांधणीत पुढाकार घेतला. कमलाकरभट्टांनी १६१२ मध्ये 'निर्णयसिंधु' लिहिला. गागाभट्टांनी ६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक केला. कोपरगावचे नीलकंठ चतुर्धर यांनी महाभारतावरील 'भारतभावदीप' ही टीका येथेच बसून रचली, आणि त्यासाठी देशोदेशीच्या पोथ्या मिळवून पाठ ताडून पाहिले. गोदावरीतीरावरूनच आलेले कवींद्राचार्य सरस्वती यांनी शाहजहान बादशहाकडून यात्रेकरूंवरचा कर माफ करवून घेतला. त्यांचा पोथ्यांचा संग्रह एवढा मोठा होता की त्याची केवळ यादी १९२१ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत स्वतंत्र पुस्तक म्हणून निघाली. संग्रह मात्र पांगला. त्यांच्या नावाची खूण असलेल्या पोथ्या आज निरनिराळ्या ग्रंथालयांत सापडतात. नागोजीभट्ट काळे यांच्या व्याकरणग्रंथांवाचून तर काशीची पाठशाळा चालू शकत नाही.

ही नावे सांगण्याचा हेतू अभिमान मिरविण्याचा नाही. एवढी अक्षरे लिहायला किती बोरू लागले असतील, हा साधा हिशेब मनात यावा म्हणून ती सांगितली. चांगला नकलकार दिवसभरात बोरूचे टोक अनेकदा छाटी. वीतभर लांबीचा बोरू काही दिवसांत बोटाएवढा उरे.

बोरू म्हणजे नदीकाठी, ओलीच्या जागी उगवणाऱ्या देवनळाच्या जातीचा वेत. पक्का झालेला, पिवळसर-तपकिरी, दोन पेरांमधला तुकडा निवडावयाचा. पोकळी बेताची आणि साल कठीण हवी. धारदार चाकूने त्याला तिरका छेद द्यावयाचा, दोन्ही बाजूंनी मान काढावयाची, टोकाला मधोमध बारीक चीर पाडावयाची आणि शेवटी कठीण पृष्ठावर ठेवून टोक एका घावात तोडावयाचे. हा शेवटचा घाव खरा. देवनागरीसाठी टोकाचा उतार एका बाजूस, फारसी लिपीसाठी निराळा. एकाच गल्लीत दोन्ही लिप्यांचे लेखक असल्यामुळे एकाची लेखणी दुसऱ्याच्या उपयोगी पडत नसे. मोडी लिहिणाऱ्यास तर हात न उचलता ओळ ओढावयाची असे. त्याची लेखणी शाई अधिक धरणारी पण गळू न देणारी लागे. समर्थांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकातील पहिल्याच समासात लेखनक्रियेचे निरूपण केले आहे. अक्षराचे वळण, ओळींतील अंतर, कागद, शाई, चाकू, बोरू या सर्वांची विचारपूस त्यात आहे. मोक्षाच्या ग्रंथात चाकू आणि कात्रीची चौकशी करणारा हा संत मला नेहमीच फार जवळचा वाटत आला आहे.

शाई घरोघरी होई. दिव्याचे काजळ, तेवढाच बोळ, दोहोंच्या दुप्पट डिंक, आणि खलताना माक्याचा रस, असा एक पाठ पुष्कळ ठिकाणी मिळतो. तांब्याच्या भांड्यात जितके दिवस घोटावे तितकी चमक अधिक. लिहिण्यापूर्वी कागदही शंखाने किंवा गुळगुळीत दगडाने घोटावयाचा, म्हणजे शाई फुटत नाही. ओळी आखण्यासाठी फळीवर ठराविक अंतराने दोरे ताणलेले असत. कागद त्यावर दाबला की ओळींचे वळ उमटत. चूक झाली की खोडावयाचे नाही. त्यावर हरताळाचा पिवळा लेप द्यावयाचा आणि वाळल्यावर वरून लिहावयाचे. 'हरताळ फासणे' हा आपला वाक्प्रचार या पिवळ्या हरताळावरून आला. दुकाने बंद करण्याच्या हरताळाचा त्याच्याशी संबंध नाही, जरी आमच्या कचेरीत दोन्ही प्रकार सारख्याच आवडीने होतात.

आता जुन्या वस्तूंच्या दुसऱ्या जन्माची गोष्ट. मोडलेल्या वस्तूपासून लेखणी करावी ही कल्पना आज नवी आणि हौशी वाटते. परंतु लेखनाच्या या सबंध व्यवहारात नवे असे फारच थोडे असे. हातकागद होई तो जुन्या दोरखंडांपासून, कोळ्यांच्या फाटक्या जाळ्यांपासून, गोणपाटांपासून आणि चिंध्यांपासून. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव याच उद्योगावर वसले. ज्या जाळ्याने मासे धरले त्याच्या कागदावर पुढे श्रुतिस्मृती उतरल्या. कागद सोवळा की ओवळा हा प्रश्न कोणी फार ताणला नाही, हे बरे झाले. पोथी बांधावयाचा रुमाल म्हणजे बहुधा जुने धोतर किंवा लुगड्याचा तुकडा. वरखालच्या फळ्या सुताराकडे उरलेल्या लाकडाच्या. काशीत तर शालूसुद्धा मरत नसे. जरीचा शालू जीर्ण झाला की तो जाळून त्यातील चांदी काढून घेणारे लोक गल्लीत हाळी देत फिरत. आमच्या आत्याने तिच्या लग्नातला शालू असा दिला होता. त्या चांदीची एक लहानशी वाटी झाली, आणि घरातील नंतरच्या सगळ्या मुलांचे उष्टावण त्याच वाटीतून झाले.

कलमदानाचीही अशीच कथा. पितळी कलमदान, एका टोकाला दौत आणि पोटात बोरू, चाकू, कधी अक्षरे वाळविण्यासाठी वाळूची डबी. ते कमरेला खोचून कारकून कचेरीत जाई. बोरू गेले, टाक आला. बर्मिंगहॅमच्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात पोलादी निबांनी सारे जग भरून टाकले. आपल्याकडे देव्हाऱ्यातल्या धातूच्या मूर्तीलाही टाक म्हणतात आणि या विलायती निबाच्या लेखणीलाही टाकच म्हणू लागले, हा योगायोग मौजेचा. कलमदाने मात्र ठठेरी बाजारात वजनावर गेली आणि वितळून तांब्या-पेल्यांत मिसळली.

१७९१ मध्ये जोनाथन डंकन याने काशीत संस्कृत पाठशाळा स्थापिली. तिच्यातच पुढे पुण्याकडचे बापूदेव शास्त्री ज्योतिष शिकवू लागले. त्यांचे सूर्यसिद्धांताचे इंग्रजी भाषांतर १८६१ मध्ये प्रसिद्ध झाले. 'बालसरस्वती' म्हणून गाजलेले बाळशास्त्री रानडे याच परंपरेतले. ही पिढी सांध्यावरची होती. संस्कृत पोथी बोरूने, साहेबाला पत्र टाकाने आणि पंचांग छापखान्यात, असा तिचा तिपेडी व्यवहार होता. त्या पाठशाळेचे १९५८ मध्ये विद्यापीठ झाले आणि आज ते संपूर्णानंद संस्कृत विश्वविद्यालय या नावाने ओळखले जाते. तेथील सरस्वतीभवनात लाखाच्या आसपास हस्तलिखिते आहेत. त्यांतील किती दुर्गाघाट-ब्रह्माघाटच्या आळ्यांतून डोक्यावर रुमाल वाहून नेलेली असतील, याची कल्पनाच केलेली बरी.

फाउंटन पेनाच्या इतिहासातही काशीचे नाव आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते. विसाव्या शतकाच्या आरंभीच्या स्वदेशीच्या काळात राधिकानाथ साहा या बंगाली गृहस्थांनी काशीत 'लक्ष्मी' नावाचे स्टायलो पेन काढले. भारतीयाने केलेल्या पेनांचा इतिहास सांगू जाता त्यांच्यापासूनच आरंभ करावा लागतो. पुढे आंध्रात राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम् यांनी एबोनाइटची पेने हाताने कातून काढली; १९३५ मध्ये गांधीजींनी त्यांचे पेन वापरून पाहिले आणि परदेशी पेनाला ते चांगला पर्याय वाटते, असे त्यांना कळविले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईचा धंदा सुरू केला. त्यातून 'कॅम्लिन' हे नाव मराठी घरोघरी पोहोचले. घराच्या माळ्यावर त्यांच्या शाईची एखादी रिकामी बाटली सापडणार नाही असे मराठी कुटुंब विरळाच.

आणि काशीत या काळात लेखणी धरली होती ती बाबूराव विष्णु पराडकर यांनी. घराणे कोकणातले, जन्म काशीतला, १८८३ चा, लेखन हिंदी. १९२० मध्ये निघालेल्या 'आज' या दैनिकाचे ते संपादक म्हणून देशभर गाजले. तत्पूर्वी १९१६ पासून काही वर्षे ते सरकारच्या बंदिवासात होते. १९३० मध्ये सरकारी निर्बंधांमुळे पत्र बंद पडले तेव्हा 'रणभेरी' नावाचे गुप्त पत्रक सायक्लोस्टाइल करून वाटले जाई; त्यामागे त्यांचा हात होता. गागाभट्टांची भाषा संस्कृत, पराडकरांची हिंदी. घरी बोलायची मराठी आणि लिहायची दुसरी हा परप्रांतीय मराठी माणसाचा धर्म काशीत तरी जुना आहे. आपल्या मुलांविषयी कधी खंत वाटली तर हे आठवावे.

येथवर झाले ते लेखणीचे. जुन्या ऐतिहासिक वस्तूतून लेखणी घडविण्याची हौस पाश्चात्त्यांत फार आहे. १७८२ मध्ये इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ 'रॉयल जॉर्ज' नावाची युद्धनौका बुडाली. अर्धशतकाहून अधिक काळानंतर तिचे लाकूड वर काढले गेले, तेव्हा त्यातून पेट्या, पेट्यांसारखीच किडूकमिडूक आणि त्या नौकेच्याच हकिकतीच्या छोट्या पुस्तकाची मुखपृष्ठे करण्यात आली. पहिल्या महायुद्धात खंदकांतील सैनिकांनी रिकाम्या काडतुसांच्या लेखण्या आणि कागद कापावयाच्या सुऱ्या केल्या. पार्कर कंपनीने १९६५ मध्ये, १७१५ साली फ्लोरिडाजवळ बुडालेल्या स्पॅनिश जहाजांतील चांदीची सुमारे ४,८०० पेने काढली, आणि १९७२ मध्ये हाँगकाँगच्या बंदरात जळालेल्या 'क्वीन एलिझाबेथ' जहाजाच्या पितळेची ५,००० पेने १९७७ मध्ये. खंदकातल्या सैनिकाची गोष्ट मला समजते. हाताशी होते ते त्याने वापरले, आणि मृत्यूच्या वस्तूतून घरी पत्र लिहावयाचे साधन केले. पण क्रमांक घातलेली पाच हजार पेने ज्यांनी घेतली त्यांपैकी बहुतेकांनी ती मखमलीच्या पेटीतून बाहेरही काढली नसतील. जळालेल्या जहाजाला एवढ्यासाठीच का पुन्हा जन्माला घालावयाचे?

आमच्या घरच्या वस्तूला क्रमांक नव्हता. ती होती ठवणी. पोथी वाचताना समोर ठेवावयाची, एकमेकींत गुंतलेल्या दोन फळ्यांची, मिटली की सपाट होणारी. शिसवी लाकडाची. दुर्गाघाटावरच्या बिऱ्हाडातील सामान हलविले तेव्हा ती सापडली. एक फळी वाळवीने आतून पोखरलेली, बोट लावताच भुगा होणारी. दुसरीही मधोमध चिरलेली. दुरुस्त होईल का हे दोन सुतारांना दाखविले; दोघांनीही नाही म्हटले. तेव्हा निरोगी भागाचे पेन होईल काय, असा विचार निघाला.

काशीत लाकूड कातण्याचा धंदा खोजवाँ-कश्मीरीगंज भागात. तेथील लाखेच्या रंगाची लाकडी खेळणी प्रसिद्ध आहेत. आपल्या सावंतवाडीच्या खेळण्यांची ती उत्तरेकडची भावंडे म्हणावीत. लाखेची रंगीत कांडी फिरत्या लाकडावर दाबली की घर्षणाच्या उष्णतेने रंग वितळून चढतो आणि मग केवड्याच्या पानाने चकाकी देतात. अशाच एका वृद्ध कातारी कारागिराकडे ती फळी नेली. त्याने ती हातात तोलली, नखाने ओरखडली, वास घेतला आणि म्हणाला, "बाबूजी, ई लकड़ी तो हमरे दादा से भी बूढ़ी है।" एवढे बोलून त्याने पहिली गोष्ट केली ती अशी की एक लोहचुंबक आणून फळीच्या अंगावरून फिरविला. जुन्या लाकडात मोडलेला खिळा दडलेला असतो. फिरत्या पट्ट्यावर तो हत्याराला लागला तर हत्याराची धार जाते आणि कारागिराचा डोळाही जाऊ शकतो. आमच्या फळीत एक खिळा निघाला, चौकोनी, हाताने ठोकून केलेला.

निरोगी भागातून बोटाहून थोडे जाड असे पाच चौकोनी दांडे निघाले. जुन्या लाकडाचा मोठा गुण हा की ते पूर्ण वाळलेले असते. नवे लाकूड कातल्यावर आखडते, पिळते, त्यात बसविलेली नळी सैल होते किंवा लाकूड तडकते. दोष असा की ते ठिसूळ असते. दांड्याच्या मधोमध उभे भोक पाडताना गिरमिट थोडे आत घालावयाचे, बाहेर काढून भुसा झटकावयाचा, पुन्हा घालावयाचे. घाई केली की लाकूड तापते आणि दुसऱ्या टोकाला फुटते. पाचांपैकी एक असा फुटलाच. भोकात पातळ पितळी नळी चिकटवून एक रात्र ठेवली. दुसऱ्या दिवशी दांडे चरकावर चढले. चौकोनाचा गोल होताना प्रथम खडखड आवाज येतो; कोपरे गेले की तो थांबतो आणि सालपटे रिबिनीसारखी निघू लागतात. वरचा काळा, तेलकट, धुराने माखलेला थर गेला आणि आतून शिसवीच्या तांबूस-काळ्या रेषा वर आल्या. लाखेचा रंग मी नको म्हणालो. नुसती बिनरंगी लाख चढविली.

शाई मात्र लाकडाला लागता कामा नये. लाकूड पाणी पिते आणि फुगते. म्हणून शाई राहते ती आतल्या स्वतंत्र नळीत, आणि बोटांनी धरावयाचा पुढचा भाग एबोनाइटचा, म्हणजे गंधक घालून कठीण केलेल्या रबराचा. निब, जीभ आणि हा पुढचा भाग शहरातील एका पेनदुरुस्तीवाल्याने जमवून दिला. टोपणाची कडी कोठून आणावी असा प्रश्न आला तेव्हा घरातील मोडक्या समईच्या दांडीचा तुकडा दिला. तिच्यातून चार कड्या निघाल्या. चार पेने झाली. चार भावंडांत ती वाटली. नागपूरची बहीण तिच्या पेनाने रोजचा हिशेब लिहिते. ठवणीवर आजोबा भागवत वाचीत. आता तीच ठवणी दूध आणि भाजीचा जमाखर्च मांडते. मला यात कमीपणा दिसत नाही.

ही गोष्ट मंडळात पसरली आणि सुवर्णमहोत्सवाच्या भेटवस्तूचा विषय कार्यकारिणीपुढे आला तेव्हा एका तरुण सभासदाने सुचविले की सभासदांनी घरच्या मोडक्या जुन्या वस्तू आणाव्यात, त्यांतून पेने करून ज्येष्ठांना द्यावीत. वस्तू येऊ लागल्या. पाळण्याचा कातीव गज, वाड्याच्या कठड्याचे सागवानी तुकडे, काठीची मूठ. त्यांत एका काकूंनी पोथीच्या दोन फळ्या आणल्या. पोथी नव्हती. ती तीस-चाळीस वर्षांपूर्वी कोणी मागून नेली ती परत आली नाही. फळ्या उत्तम होत्या, कीड नाही, आणि लांबीरुंदीने पेनासाठी अगदी सोयीच्या.

मी विरोध केला. ठवणी मोडली होती. फळी मोडलेली नव्हती. शिवाय फळीच्या आतल्या अंगाला शाईने ग्रंथाचे नाव आणि पत्रांची संख्या लिहिलेली होती. पोथी हरवली तरी फळी तिची साक्ष देत होती. जुने नकलकार ग्रंथाच्या शेवटी वाचकाला विनवीत असत की पाठ मोडून, मान वाकवून हे लिहिले आहे, तेव्हा तेलापासून, पाण्यापासून आणि सैल बांधणीपासून याला सांभाळा. त्या बांधणीचाच भाग चरकावर चढवायचा कसा? कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांची वस्तू आणि हस्तलिखित असल्यास पंचाहत्तर वर्षांचे, अशी मर्यादा घातलेली आहे. परंतु त्या कायद्याचा मुख्य रोख वस्तू देशाबाहेर जाण्यावर आणि त्यांच्या व्यापारावर आहे. घरच्या माळ्यावरील फळीची राखण तो करू शकत नाही. ती आपणच करावयाची.

काकूंनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "तीस वर्षं त्या माळ्यावर होत्या, तेव्हा तुमच्यापैकी कुणी विचारलं नाही. आता माझ्या नातवाच्या हातात पेन होऊन राहतील म्हटलं तर सगळ्यांना त्यांचा पुळका आला."

या बोलण्याला माझ्यापाशी पुरते उत्तर नव्हते, आणि आजही नाही. जतन करा म्हणणे सोपे असते; भाड्याच्या दोन खोल्यांत, बदलीच्या नोकरीत, दमट हवेत जतन करणाऱ्यालाच त्याचे ओझे कळते. दर बदलीला सामान बांधताना कोणती ट्रंक मागे ठेवावयाची हा प्रश्न या स्मरणिकेच्या प्रत्येक वाचकाने सोडविलेला आहे. वस्तू माळ्यावर कुजण्यापेक्षा हातात आली तर बरे, हे काकूंचे म्हणणे ठवणीच्या बाबतीत मीच मान्य केले होते. फरक एवढाच मानतो की जी वस्तू काही सांगते आहे ती कापू नये. जी मुकी झाली आहे तिला खुशाल नवे काम द्यावे. मुकी झाली की नाही हे ठरवायला मात्र आधी ती उलटून, झाडून, उजेडात धरून पाहावी लागते, आणि आपण बहुधा तेवढेही करीत नाही. २००३ मध्ये केंद्र सरकारने राष्ट्रीय हस्तलिखित अभियान सुरू केले, तेव्हा नोंदणी करणाऱ्यांचा अनुभवही हाच होता की घरच्यांनाच घरात काय आहे हे ठाऊक नसते.

आमच्या शेजारच्या कायस्थ मंडळींची एक रीत या संदर्भात आठवते. दिवाळीत ते लेखणी खाली ठेवतात, आणि यमद्वितीयेला, म्हणजे आपल्या भाऊबिजेच्या दिवशी, चित्रगुप्ताबरोबर दौत-लेखणीची पूजा करून मगच ती पुन्हा उचलतात. आपल्याकडे दसऱ्याला सरस्वती काढतात, लक्ष्मीपूजनाला वही पूजतात. पूजेच्या निमित्ताने वर्षातून एकदा तरी ती वस्तू खाली उतरवून पुसली जात असे. पूजा राहिली तेथेही आता बॉलपेन ठेवून भागवितात.

शेवटी काय झाले ते सांगतो. ज्येष्ठांसाठीची पेने वाड्याच्या कठड्याच्या सागवानातून झाली. काकूंच्या नातवासाठी वेगळी सोय निघाली. त्यांच्याच घरी त्यांच्या सासूबाईंचे शिसवी लाटणे होते, एका टोकाला तडकलेले. पोळी लाटताना तडक पिठात उतरते म्हणून कित्येक वर्षे ते वापरात नव्हते. ते मूळचेच कातलेले आणि गोल असल्याने कारागिराचे निम्मे काम वाचले. त्याचे पेन चांगले जड आणि हातात भरणारे झाले आहे; मुलाने ते शाळेत नेल्याचे ऐकतो.

फळ्या काकूंपाशीच आहेत, नव्या रुमालात बांधलेल्या. आतल्या बाजूस 'निर्णयसिंधु' हे नाव आणि 'पत्रे ३१२' एवढे स्पष्ट वाचता येते. कोणा वाचकाच्या घरी या ग्रंथाची बिनफळीची, एवढ्याच पानांची पोथी असेल, अथवा कोणाच्या वाडवडिलांनी ती दुर्गाघाटावरून वाचावयास नेल्याचे कोणास आठवत असेल, तर त्यांनी मंडळाच्या कार्यवाहांकडे कळवावे.